थंडीत गोठणारं तेल

डिसेंबरच्या सकाळी पुण्यात खोबरेल तेल बाटलीत घट्ट बसतं. शेजारचं शेंगतेल मात्र वाहतं राहतं. दोन्ही ट्रायग्लिसराइडच, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त, सरळ साखळ्यांची. त्या एकमेकींना खेटून बसतात आणि तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. शेंगतेलातल्या ओलेइक आम्लाच्या साखळीला दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे तिथे अशी दाटी जमत नाही.

मेदाचं सर्वांना ठाऊक असलेलं काम ऊर्जा साठवण्याचं: ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त.

त्याहून विलक्षण काम फॉस्फोलिपिड या दुसऱ्या प्रकारच्या मेदांचं. त्यांच्या डोक्याला पाण्याची ओढ, दोन शेपट्यांना पाण्याचं वावडं. म्हणून पाण्यात त्यांचा दुपदरी पडदा आपोआप तयार होतो. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतले मेद पाण्यावर एकपदरी पसरवले, तेव्हा त्यांचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं; म्हणजे पेशीभोवतीचा पडदाही असाच दुपदरी. (मोजमापात दोन चुका होत्या, पण एकीने दुसरीची भरपाई केली आणि निष्कर्ष अचूक निघाला!)

बदनाम झालेलं कोलेस्टेरॉलही याच पडद्यात असतं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं शरीर त्यापासूनच घडवतं.