हळदीचा रंग पाण्यात का उतरत नाही?

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात आम्ही काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या. एकीत पाणी, दुसरीत खोबरेल. दोन्हींत चमचाभर हळद टाकून हलवली. दुसऱ्या दिवशी पाण्यातली हळद तळाशी बसलेली, वर नुसता फिका रंग. तेल मात्र गडद पिवळे झाले होते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. अम्मी हळद फोडणीत घालते ते उगाच नाही. कोकमाचे उलट आहे. त्याचा लाल रंग पाण्यालाच धरतो, म्हणून ते भिजत घालतात.

एका मुलीने विचारले, ''टीचर, मग कारखान्यात अर्क कशात काढतात?''

वनस्पतीतला गुण बाहेर काढणाऱ्या द्रवाला द्रावक म्हणतात. हळदीसाठी ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, अल्कोहोल वापरतात. सोयाबीनचे तेल बहुतेक ठिकाणी हेक्झेनने काढतात. हेक्झेन पेट्रोलियमपासून मिळते, सुमारे ६९ अंशांना उकळते, त्यामुळे तेलातून उडवून पुन्हा वापरता येते. पण ते चटकन पेट घेते, आणि त्याची वाफ वर्षानुवर्षे छातीत गेली तर कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ शकतात. बाटली आपल्या घरी स्वच्छ येते, किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

म्हणून निरुपद्रवी द्रावकांचा शोध सुरू आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या ७४ पट दाबाखाली ठेवला की तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. कॉफीतले कॅफिन असे काढता येते. दाब सोडला की तो उडून जातो, मागे काही उरत नाही. यंत्रे मात्र महाग.

आम्हाला सर्वांत नवल वाटले ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि शेतातला युरिया, दोन्ही कोरडे पदार्थ. युरिया १३३ अंशांना वितळतो, कोलीन क्लोराइडला तर ३०० अंशही पुरत नाहीत. पण एकास दोन प्रमाणात मिसळले तर १२ अंशांनाही ते द्रवच राहतात! इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातील ॲंड्र्यू ॲबट यांनी २००३ मध्ये हे दाखवले. पुढे २०११ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठातील यंग हे चोई, रॉबर्ट वेरपूर्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला: साखर, मॅलिक आम्ल, कोलीन हे तर वनस्पतीच्या पेशीत असतातच. मग पाणी आणि तेल यांच्या जोडीला पेशीत असा तिसरा द्रवही असेल, आणि पाण्यात न विरघळणारे पदार्थ झाड त्यातच सांभाळत असेल. अशा मिश्रणांनी रंग आणि औषधी द्रव्ये काढून पाहिली, ती निघतात. अडचण एकच, पण मोठी. मिश्रण मधासारखे घट्ट असते आणि उडून जात नाही, त्यामुळे अर्क त्यातून वेगळा करणे कठीण. साखर आणि लिंबाच्या आम्लासारखे खाण्याचेच पदार्थ असतील तर वेगळे करायची गरज नाही, एवढाच दिलासा.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: अर्कातले अल्कोहोल चालते का? त्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, तो फैसला आम्ही करणार नाही. पण ''बिनअल्कोहोल'' लिहिले की आपण पुढे विचारतच नाही, हे आम्हाला खटकते. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनतेलात उतरते. यात अल्कोहोल नाही. पण चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी चंदनाऐवजी पॅराफिन घालतात, आणि तेही पेट्रोलियममधूनच येते.

ईदच्या बाजारात एका अत्तरवाल्याला आम्ही विचारले, ''चाचा, यात काय आहे?''

''तेल.''

''कसले तेल?''

त्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. वर गुलाबाचे चित्र होते, बाकी काहीच लिहिलेले नव्हते.