पायाचं ऑपरेशन झालं, आता दुखण्याचं काय?

पायाचं हाड मोडलं की घरात सगळी चर्चा ऑपरेशनची होते. रॉड टाकायचा की प्लेट, स्टीलची की टायटॅनियमची, खर्च किती, विम्यात बसतं का. ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं. पुढचे आठवडे मात्र पेशंट आणि त्याच्या घरच्यांच्या वाट्याला येतात, आणि त्या दिवसांत दुखलं तर काय करायचं याबद्दल डिस्चार्जच्या कागदावर जेमतेम चार ओळी असतात. आज आपण त्या चार ओळींबद्दल बोलू. आम्ही भूलतज्ज्ञ. हाड कसं जुळतं ते अस्थितज्ज्ञांनी सांगावं, आम्ही दुखण्यापुरतंच बोलतो.

पहिली गोष्ट. दुखणं शून्यावर आणणं हे आमचं उद्दिष्ट नसतंच. सिस्टर येऊन विचारतात, ‘शून्य ते १० मध्ये किती दुखतंय?’ तो आकडा उपयोगी आहे, पण अपुरा आहे. आम्ही दुसरे प्रश्न विचारतो. खोकता येतं का? कुशीवर वळता येतं का? रात्री सलग तीन-चार तास झोप लागते का? डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर वॉकर धरून संडासापर्यंत जाता येतं का? हे सगळं जमत असेल आणि दुखणं ४ असेल, तर औषध पुरेसं आहे. पण नुसतं पडून असताना २ आणि पाय हलवायचं नाव काढलं की माणूस पांढराफटक, तर औषध कमी पडतंय.

असं का? कारण न हलण्याची किंमत मोठी असते. पोटरीच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठतो, गुडघा आखडतो, मांडीचा स्नायू बघता बघता वाळतो. आपल्याकडे मात्र सोसण्याचं फार कौतुक. ‘आमच्या आईनं एकही गोळी मागितली नाही हो!’ असं मुलगा अभिमानानं सांगतो, आणि आई आठ दिवस एकाच कुशीवर पडलेली असते. हे काही कौतुकाचं नाही.

आता पहिली रात्र. पायाचं ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलीखाली होतं. ऑगुस्ट बिअर या जर्मन सर्जननं १८९८ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. हिचा परिणाम काही तासांत उतरतो. जोडीला पायाच्या नसेभोवती औषध सोडून ब्लॉक दिला असेल तर तो जास्त वेळ टिकतो, कधी कधी दुसऱ्या सकाळपर्यंत. गंमत अशी, की ब्लॉक चांगला लागला की पेशंट खूश असतो. ‘काहीच दुखत नाही, गोळी कशाला?’ म्हणतो आणि गोळी बाजूला ठेवतो. मग पहाटे तीनला ब्लॉक उतरतो आणि सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. त्या वेळी घेतलेली गोळी लागू पडायला पाऊण तास, तासभर जातो. म्हणून पाय बधिर असतानाच ठरलेली गोळी घ्यायची.

हाच नियम पुढचे तीन-चार दिवस. ‘दुखलं की घेऊ’ असं नाही, तर घड्याळ लावून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला. आणि व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास एक गोळी येईल असं वेळापत्रक जमवा. फिजिओथेरपिस्ट येऊन गेल्यावर गोळी घेतात लोक! ते म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडण्यासारखं झालं.

गोळ्यांकडे येऊ. पाया असतो पॅरासिटामॉलचा. ‘ती तापाची गोळी?’ म्हणून लोक नाक मुरडतात. पण ती वेळेवर आणि पुरेशी दिली की बाकीच्या जहाल औषधांची गरज कमी होते. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्यांपेक्षा जास्त कधीच नाही. वजन कमी असेल, वय झालेलं असेल, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा याहून बरीच खाली. खरी मेख पुढे आहे. दुखण्याच्या अनेक जोडगोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. सर्दीच्या गोळीतही असतं. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग, आणि पोटात एकच औषध तिप्पट. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर नातवाला वाचायला सांगा.

दुसरा गट आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक वगैरेंचा. सूज आणि दुखणं दोन्हींवर छान काम करतात. पण पोटात जखम करू शकतात आणि किडनीवर ताण आणतात. मधुमेह, ब्लडप्रेशर, किडनीचा जुना आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय नाही. आणि या गटातल्या दोन गोळ्या एकत्र घेऊन आराम दुप्पट होत नाही, फक्त धोका वाढतो.

तिसरा ट्रामाडॉलसारख्या औषधांचा. काही दिवसांपुरती ती योग्य आहेत, घाबरू नका. पण मळमळते, गरगरतं, आणि बद्धकोष्ठ होतो. एका पायावर कसरत करत संडासला बसायचं आणि त्यात कुंथायचं, हे दुखणं कागदावर कुणी लिहीत नाही! म्हणून पाणी आणि इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करा. फिट्स येत असतील किंवा नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ट्रामाडॉल लिहिणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

औषधाइतकंच काम पाय ठेवण्याच्या पद्धतीनं होतं. झोपून पाय छातीपेक्षा वर राहील असा ठेवा. फक्त गुडघ्याखाली उशी सरकवू नका. बरं वाटतं, पण तासन्‌तास गुडघा वाकलेला राहतो आणि मग सरळ होता होत नाही. उशा पोटरीपासून घोट्यापर्यंत लावा. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं. पाय बधिर असेल तर बर्फ नको, भाजल्यासारखी इजा होते आणि कळत नाही. आणि पलंगावरून पाय खाली सोडला की तो ठणकतो, लाल-जांभळा दिसतो, याला लोक फार घाबरतात. रक्त खाली उतरतं म्हणून ते होतं. पाय वर घेतला की काही मिनिटांत शमतं. तसं शमत असेल तर काळजी नाही.

दुखणं फक्त पायात नसतं. हेन्री बीचर नावाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. जबर जखमी झालेले कितीतरी जवान औषध नको म्हणतात, हे पाहून ते चकित झाले. १९४६ मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की जवानासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका. आपल्या पेशंटला तोच पाय म्हणजे बुडालेली मजुरी, बंद पडलेली रिक्षा, मुलीचं तोंडावर आलेलं लग्न. त्याचं दुखणं खोटं नसतं, काळजीनं वाढलेलं असतं. कामावर साधारण कधी जाता येईल हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उत्तर लांबचं असलं तरी झोप थोडी बरी लागते, असा आमचा अनुभव आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही दुखणी गोळीनं दाबायची नसतात.

नडगीचं हाड मोडल्यावर, ऑपरेशनच्या आधी किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत, पोटरीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढू शकतो. पोटरी दगडासारखी घट्ट लागते, पायाची बोटं दुसऱ्यानं हळूच वर ओढली तरी जीव जातो, मुंग्या येतात, आणि ठरलेलं औषध देऊनही दुखणं तासागणिक चढतंच. हे झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. काही तासांत स्नायू कायमचे मरतात. वॉर्डात असाल तर सिस्टरला उठवा, घरी असाल तर पाय घेऊन इस्पितळ गाठा. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागते, म्हणून निर्धास्त राहू नका. त्या खुणा फार उशिरा बदलतात.

दुसरं, काही दिवसांनी पोटरी सुजून दुखायला लागली तर शिरेत गुठळी असू शकते. इथे हात जोडून विनंती: मालीश नको. तेल कोमट करून प्रेमानं पोटरी चोळणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत, पण चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर थेट अॅम्ब्युलन्स. तिसरं, कमी होत आलेलं दुखणं उलटून वाढलं, ताप आला, जखम झिरपू लागली तर जंतुसंसर्गाची शंका घ्या.

एक चिठ्ठी आली आहे. ‘पेनकिलरनं हाड जुळायला उशीर होतो का?’ दुसऱ्या गटातल्या औषधांबद्दल हा वाद खरा आहे, आणि अजून मिटलेला नाही. थोडे दिवस ती सर्रास दिली जातात. महिनोन्‌महिने मनानं चालू ठेवू नका. पण तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो याबद्दल वाद नाही. गालात तंबाखूची गोळी धरून हा प्रश्न विचारणारे आम्हाला दर आठवड्याला भेटतात. मशेरीही त्यातच आली, बरं का.

दुसरी चिठ्ठी: ‘वडिलांना विचारलं की दुखत नाही म्हणतात. काय करावं?’ दुखतंय का असं विचारूच नका. ‘बाबा, जरा टाच ओढून गुडघा वाकवून दाखवा’ म्हणा, आणि त्या वेळी पायाकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. दात आवळले, श्वास धरला, तर ठरलेल्या वेळेची गोळी चुकलीये का ते पाहा. वेळेवर घेऊनही तसंच होत असेल तर डॉक्टरांना फोन करून नेमकं तेवढंच सांगा.