इंजिन टकटक का करतं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पारावर बसलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून चढ चढत होता. मागे कांद्याच्या दोन गोण्या होत्या. इंजिनातून टक टक, टक टक असा आवाज येत होता. जणू आत कोणी हातोडीनं ठोकत होतं.

आम्ही त्याला थांबवलं. "अरे, हा आवाज कसला?"

तो म्हणाला, "गुरुजी, पेट्रोल महाग झालं. थोडं रॉकेल मिसळतो. गाडी चालते की!"

महिन्याभरात गाडी बंद पडली. मिस्त्रीनं इंजिन उघडलं. आतल्या पिस्टनला भोक पडलं होतं. रॉकेलात वाचवलेले पैसे गेले, वर कर्ज झालं. म्हणून ही टकटक काय असते, ते आपण नीट समजून घेऊ.

इंजिनात एक जाड नळकांडं असतं. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो. तोच पिस्टन. पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते. दट्ट्या ती दाबतो. मग ठिणगी पडते. शेतातला पाला एका टोकाला पेटवला, की जाळ सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातो. इंजिनातही जाळ तसाच पसरतो. तो दट्ट्याला खाली ढकलतो आणि चाक फिरतं.

पण कधी कधी दूरच्या कोपऱ्यातली वाफ दाबानं फार तापते. जाळ तिथं पोचण्याआधीच ती आपोआप भडकते. त्या दणक्याचा आवाज म्हणजे ही टकटक. मिस्त्री तिला नॉकिंग म्हणतात. रॉकेल पेट्रोलपेक्षा लवकर आपोआप भडकतं. म्हणून रॉकेल मिसळलं, की टकटक वाढते.

आता धुराचं बघा. जळून झालेला वायू सायलेन्सरमधून बाहेर जातो. पण सगळा जात नाही. चुलीतली राख कितीही काढली, तरी थोडी उरतेच. तसा थोडा धूर आत उरतो आणि नव्या वाफेत मिसळतो. तो तीन गोष्टी करतो.

पहिली गोष्ट. हा धूर गरम असतो. तो नव्या वाफेला तापवतो. त्यानं टकटक वाढते. सायलेन्सर तुंबला, तर असा धूर जास्त उरतो.

दुसरी गोष्ट. धुरात नायट्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. यातलं काही जळत नाही. उलट ते उष्णता शोषून घेतं. कढत पाण्यात विसण घातलं, की पाणी सोसवतं. तसंच हे. म्हणून काही नव्या मोटारींत थोडा धूर मुद्दाम थंड करून परत इंजिनात सोडतात. मग टकटक कमी होते.

तिसरी गोष्ट. इंजिनातल्या जाळात हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एक होतात. त्यांचा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनतो. तो धुरात फार थोडा असतो. पण चमचाभर विरजण हंडाभर दूध लावतं ना? तसा हा थोडासा वायू भडका लवकर उडवतो. म्हणजे एकाच धुरात विसणही आहे आणि विरजणही! संशोधकांनी हा वायू धुरातून आधी काढून पाहिला. मग तो धूर इंजिनात सोडला. तेव्हा टकटक आणखी चांगली आवरली.

पूर्वी लोकांनी निराळा उपाय केला होता. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना एक औषध सापडलं. त्यात शिसं होतं. ते पेट्रोलात घातलं, की टकटक थांबे. पण ते विषारी शिसं धुराबरोबर हवेत जाई. लहान मुलांच्या मेंदूला त्यानं इजा होते. इंजिन वाचलं, पण मुलांचं नुकसान झालं. भारतात मोटारींसाठी असं पेट्रोल २००० साली बंद झालं. सर्वांत शेवटी ते २०२१ साली अल्जीरिया देशात बंद झालं.

आता आपण काय करावं? पेट्रोलात रॉकेल मिसळू नये. चढ आला, की खालचा गिअर टाकावा. ओझं बेतानं लादावं. एवढं करूनही टकटक थांबली नाही, तर मिस्त्रीकडे जावं. आत काजळी साचली असेल, सायलेन्सर तुंबला असेल, तर तो साफ करून देईल.

टकटक म्हणजे इंजिनाचं कण्हणं आहे. माणसानं दुखणं अंगावर काढू नये, आणि गाडीलाही काढायला लावू नये.