लुटारूंच्या खेळातून मदतीचा हात

संगणकावर रात्रंदिवस खेळणारी मुले म्हणजे वाया गेलेली मुले, असे आपण सहज म्हणून जातो. पण याच खेळाडूंनी पुरात सापडलेल्या अनोळखी माणसांसाठी आपली कमाई दिली, हेही तितकेच खरे आहे.

रात्रीचे अकरा वाजले आहेत. जेवणे आटोपली, घर निजले, पण मुलाच्या खोलीतला संगणक अजून चालूच आहे. "पुरे आता तो खेळ! त्यातून मिळते तरी काय?" हा प्रश्न आज किती घरांत विचारला जात असेल! प्रश्न चुकीचाही नाही. मुलांची झोप, डोळे आणि अभ्यास यांची काळजी आईवडिलांनी करायची नाही तर कोणी? तरीही या खेळांच्या दुनियेची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही.

पाण्याखाली गेलेला देश

जुलै २०१० च्या अखेरीस पाकिस्तानात प्रचंड पाऊस झाला. खैबर पख्तुनख्वातून सुरू झालेला पूर पंजाबमार्गे थेट सिंध प्रांतापर्यंत पोहोचला. देशाच्या जवळजवळ एक पंचमांश भूभागाला त्याची झळ लागली. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन कोटींच्या आसपास लोकांची घरे, शेते, गुरे किंवा रोजगार यांचे नुकसान झाले.

तरीही जगाकडून मदत फार सावकाश येत होती. भूकंप एका क्षणात होतो आणि सारे जग हादरते. पूर मात्र दिवसेंदिवस पसरत जातो. बळींचा आकडा तुलनेने लहान दिसतो आणि बेघरांची संख्या कोणाच्या मनाला भिडत नाही. त्या वेळी भारतानेही जुने वैर बाजूला ठेवून आधी ५० लाख आणि नंतर एकूण अडीच कोटी डॉलरची मदत देऊ केली.

याच दिवसांत मदतीचा एक लहानसा ओघ अगदी अनपेक्षित जागेतून सुरू झाला. ती जागा होती संगणकावरचा एक खेळ, 'ईव्ह ऑनलाइन'.

जिथे फसवणूक चालते

आइसलँडच्या सीसीपी या कंपनीने २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. जगभरचे खेळाडू इंटरनेटवरून एकाच काल्पनिक अंतराळात उतरतात, याने चालवतात, खनिजे काढतात, व्यापार करतात आणि लढाया लढतात. २०१० च्या सुमारास या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या आइसलँडच्या लोकसंख्येच्या बरोबरीला आली होती.

या खेळाचे वैशिष्ट्य ऐकून आपल्याला धक्काच बसेल. इथे दुसऱ्याला लुटणे, भागीदाराचा विश्वासघात करणे आणि गोड बोलून गंडा घालणे हे नियमात बसते! अशा मंडळींकडून कोणी दानधर्माची अपेक्षा करील का?

पण तसे घडले. खेळायला दरमहा साधारण १५ डॉलर वर्गणी लागे. महिनाभराची ही वर्गणी 'प्लेक्स' नावाच्या वस्तूच्या रूपातही मिळे. एखादा खेळाडू खरे पैसे देऊन प्लेक्स विकत घेई आणि खेळातल्या बाजारात विके. दुसरा खेळाडू खेळात मेहनत करून जमवलेल्या काल्पनिक नाण्यांत ते विकत घेई आणि महिनाभर फुकट खेळे.

आपत्तीच्या वेळी कंपनीने खेळाडूंना आवाहन केले, की हे प्लेक्स आमच्याकडे जमा करा, आम्ही त्यांच्या किमतीइतके खरे पैसे रेड क्रॉसला देऊ. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर हा उपक्रम झाला, मग त्याच वर्षी पाकिस्तानच्या पूरग्रस्तांसाठी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या विद्यार्थ्याच्या खिशात दमडी नाही, तोही रात्री जागून खेळात मिळवलेली कमाई पूरग्रस्तांना देऊ शकत होता. आपल्याकडे पैसे नसलेला माणूस गावच्या कामाला श्रमदान करतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय एरवी फसवणुकीकडे काणाडोळा करणाऱ्या कंपनीने बजावले, की मदतीच्या नावाखाली कोणी कोणाला फसवले तर गय केली जाणार नाही. लुटारूंच्या दुनियेतही एक लक्ष्मणरेषा आखली गेली.

थेंबे थेंबे

नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर समुद्र आत घुसला आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा याच खेळाडूंनी सुमारे १ लाख ९० हजार डॉलर जमवले. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतले ह्यूस्टन शहर हार्वे वादळाच्या पावसाने बुडाले. त्या वेळी जुने व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात पूर्ण करण्यात तरबेज असलेल्या 'गेम्स डन क्विक' या मंडळींनी सलग खेळून दाखवले, प्रेक्षकांना देणग्या मागितल्या आणि तिथल्या अन्नपेढीसाठी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली.

कोट्यवधींच्या नुकसानीपुढे ही रक्कम थोडीच आहे. पण ती रोख होती आणि अनुभवी संस्थांच्या हाती गेली. पूर आला की आपण जुने, विटके कपडे गाठोड्यात बांधून पाठवतो. ते निवडण्यातच कार्यकर्त्यांचे दिवस जातात. ज्या त्या जागी काय हवे, ते तिथल्यांनाच ठाऊक असते. म्हणून विश्वासू संस्थेला दिलेले शंभर रुपयेही अधिक उपयोगी पडतात. अर्थात आवाहन खरे आहे ना, याची खात्री संस्थेकडूनच करून घ्यावी.

यावरून मुलांनी रात्ररात्र खेळावे, असे मुळीच म्हणायचे नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर भारतात २०२५ मध्ये कायद्याने बंदीच आली. पण पडद्यापलीकडे जमलेली माणसेही अखेर माणसेच असतात. त्यांना कोणी हाक दिली तर ती धावून येतात. तेव्हा आज रात्री मुलाच्या खोलीत डोकावाल, तेव्हा रागावण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी बसा. तो कोणाबरोबर खेळतो, ते विचारा. आणि पुढच्या पावसाळ्यात कुठे पूर आलाच, तर त्याला एवढेच म्हणा, "तुझ्या त्या मित्रांना विचार ना, आपल्याला काही करता येईल का?"