ना परीक्षा, ना निवृत्तीचे वय

अमेरिकेत केंद्रीय कायद्यांखालचे खटले पहिल्यांदा उभे राहतात ते फेडरल जिल्हा न्यायालयात. देशभरात अशी 94 न्यायालये आहेत. नाव ओळखीचे वाटले तरी आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयाशी त्यांचे फारसे साम्य नाही. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन सेवेत येतो आणि बढत्या घेत वर जातो. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत परीक्षा नाही आणि ठरलेली बढतीही नाही. राज्यघटनेने वय, अनुभव यांची अट घातलेली नाही. कायद्याची पदवीसुद्धा तिथे नमूद नाही.

व्यवहारात उमेदवार वकीलच असतो. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे एखाद्या न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क, मग सरकारी वकिली किंवा मोठ्या फर्ममधली नोकरी, असा प्रवास बऱ्याच जणांचा दिसतो. काही जण राज्यांच्या न्यायालयांतून येतात.

यापुढचा टप्पा राजकारणाचा. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, मंजुरी सिनेट देते. एफबीआय पार्श्वभूमी तपासते, सिनेटची न्यायविषयक समिती सुनावणी घेते. पण नाव मुळात पुढे येते ते बहुधा त्या राज्याच्या सिनेटरांकडून. त्यांची संमती कळवणारी ‘निळी चिठ्ठी’ कोणत्याही कायद्यात नाही, तरी ती परत आली नाही तर जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक अडते. सोनिया सोटोमायोर यांना 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात आणले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी, पण शिफारस होती डेमोक्रॅट सिनेटर मॉयनिहान यांची.

हा टप्पा किती बोचरा असू शकतो, हे कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्या बाबतीत दिसले. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या या वकिलाने सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणे चालवून नऊ जिंकली होती. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला 1962 मध्ये मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो त्यांनीच लढवलेल्या खटल्यामुळे. जानेवारी 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचे नाव सुचवले, तेव्हा न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचेच सिनेटर ईस्टलंड. मंजुरीला ऑगस्टअखेर उजाडला. फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

एकदा खुर्चीवर बसल्यावर मात्र नेमणाऱ्यांचा हात सुटतो. पद तहहयात, पगार कमी करता येत नाही, आणि काढायचे तर महाभियोग हाच मार्ग. सिनेटने आजवर दोषी ठरवून दूर केलेल्या फेडरल न्यायाधीशांची संख्या अवघी आठ आहे. कामाची विभागणी साधारणपणे सोडतीने होते. त्यामुळे आयुष्यभर फौजदारी खटले चालवलेल्या माणसापुढे पहिल्याच महिन्यात पेटंटचा वाद येऊ शकतो.

वर जाणे दुर्मीळच. सोटोमायोर अपील न्यायालयातून 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या, पण बहुतेकांची कारकीर्द जिल्हा न्यायालयातच संपते. तिथले मुख्य न्यायाधीशपद ज्येष्ठतेने आणि जास्तीत जास्त सात वर्षांसाठी मिळते. मोटली यांना ते 1982 मध्ये मिळाले.

वयाच्या 65 व्या वर्षी 15 वर्षांची सेवा झालेली असली, तर ‘सीनियर’ दर्जा घेता येतो. न्यायाधीश कमी खटले घेऊन काम चालू ठेवतो आणि त्याची जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी होते. हा दर्जा कधी घ्यायचा हे न्यायाधीशच ठरवतो, म्हणून व्हाइट हाउसमध्ये कोण आहे हे पाहून ती वेळ साधली जाते, असा संशय नेहमीच घेतला जातो. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना 1962 मध्ये केनेडींनी नेमले. ते 2012 मध्ये, 104 व्या वर्षी, पदावर असतानाच वारले.