ग्रंथकर्त्याची प्रतीक्षा

ग्रंथ छापून बाहेर पडला म्हणजे ग्रंथकर्त्याचे श्रम संपले, असा सामान्य समज आहे. वस्तुतः एका निराळ्या तपश्चर्येला तेव्हांच आरंभ होतो. पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव. आज तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. तेथील कोणा वयस्क गृहस्थानें आपल्या आवडत्या कवीचें चरित्र लिहावयास घेतलें, पांचसात वर्षें जुनीं दप्तरें चाळलीं, वृद्धांच्या भेटी घेतल्या आणि अखेर पदरमोड करून ग्रंथ प्रसिद्ध केला, अशी कल्पना करावी. नियतकालिकांकडे प्रती रवाना होतात. महिन्यांमागून महिने लोटतात, परंतु परीक्षण कांहीं येत नाहीं. ही शांतता म्हणजे ग्रंथाचा अव्हेर कीं काय, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसूं देत नाहीं.

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं पोंच, अभिप्राय आणि परीक्षण यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. ‘साभार पोंच’ या सदरांत ग्रंथाचें नांव, पृष्ठें व किंमत येते. ती केवळ पावती होय. अभिप्राय चार ओळींचा असतो, आणि तो पुष्कळदां प्रस्तावनेवरूनच लिहिलेला असतो. परीक्षण मात्र सबंध ग्रंथ पचवून लिहावें लागतें. कादंबरी दोन रात्रींत वाचून तिच्याविषयीं मत देतां येईल. कविचरित्राच्या परीक्षकाला कवीचें काव्य अवगत हवें, त्याचा काळ ठाऊक हवा, आणि चरित्रकारानें दिलेला शक पुराव्याला धरून आहे कीं नाहीं, हेंही ताडून पाहावयास हवें. असे जाणते मुळांत थोडे. आणि त्यांतील निम्म्यांचे आभार ग्रंथकर्त्यानें प्रस्तावनेंत आधींच मानून ठेवलेले असतात!

मराठींत ही अडचण जुनीच आहे. जनार्दन रामचंद्रजी यांचें ‘कविचरित्र’ १८६० सालीं प्रसिद्ध झालें. ‘विविधज्ञानविस्तार’ निघालें १८६७ सालीं, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ सालीं. म्हणजे कवींचें चरित्र आधीं आलें, आणि ग्रंथांची कसून चर्चा करणारीं हीं मासिकें मागाहून आलीं.

पिंपळे सौदागरापासून थोड्याच कोसांवर असलेल्या देहूचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. तुकाराममहाराजांचें निर्याण १६५० च्या सुमारास झालें. ताहराबादच्या महिपतींनीं ‘भक्तलीलामृतां’त त्यांचें चरित्र गाइलें तें १७७४ सालीं. महिपती १७९० सालीं निवर्तले. छापील परीक्षण ही वस्तूच त्यांच्या काळीं आपल्याकडे नव्हती. खरें परीक्षण झालें तें पुढच्या चरित्रकारांच्या हातून. १८६९ व १८७३ सालीं तुकारामांची गाथा मुंबईस दोन भागांत छापली गेली. तिला जनार्दन सखाराम गाडगीळ यांनीं लिहिलेलें इंग्रजी चरित्र जोडलेलें होतें. ल. रा. पांगारकरांचें तुकारामचरित्र १९२० सालीं आलें. महिपतींच्या कथनाचें जस्टिन ॲबट यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९३० सालीं निघालें. तुकारामांविषयीं लिहूं पाहणाऱ्याला महिपतींची साक्ष टाळतां येत नाहीं. ती घेऊन तिची छाननी करावी लागते. एवढें होऊनही जन्मशकाचा वाद मिटला नाहीं. राजवाड्यांनीं १५६८ हें साल मानलें, तर पांगारकरांनीं १६०८. अंतर चाळीस वर्षांचें!

इंग्लंडांतही असेंच घडलें आहे. बॉस्वेलनें लिहिलेलें डॉ. जॉन्सनचें चरित्र १७९१ सालीं प्रसिद्ध झालें आणि खपलेंही. बॉस्वेल १७९५ सालीं वारला. मेकॉलेचें गाजलेलें परीक्षण आलें १८३१ सालीं, तेंही क्रोकरनें काढलेल्या नव्या आवृत्तीच्या निमित्तानें. त्यांत ग्रंथाला चरित्रवाङ्मयांत पहिलें स्थान मिळालें, आणि ग्रंथकर्ता मात्र मूर्ख ठरला!

तेव्हां शांतता म्हणजे अव्हेर नव्हे, हें उघड आहे. परंतु एवढ्यानें समाधान मानून चालणार नाहीं. न तपासलेली चूक एका ग्रंथांत स्वस्थ पडून राहत नाहीं. ती दुसऱ्या ग्रंथांत उतरते, तेथून शाळेच्या पुस्तकांत जाते. आणि दहा ठिकाणीं छापली गेली म्हणजे तिलाच पुरावा समजण्यांत येतें. ज्या वृद्धांनीं आठवणी सांगितल्या, ते तोंपर्यंत हयात नसतात. मग ती दुरुस्त कोणीं करावी? परीक्षणाच्या अभावीं ग्रंथकर्त्याचें मन दुखावतें. परंतु खरें नुकसान होतें तें कवीचें.

यास्तव ग्रंथकर्त्यानें एका प्रतींत कोरीं पानें घालून ती बांधून घ्यावी, आणि नवा पुरावा हातीं येईल तसा तारीख घालून तींत टिपीत जावें. वाचकांनींही परीक्षकाच्या तोंडाकडे पाहत बसूं नये. कवीच्या आजोळचें नांव चुकलें असेल, एखादें साल जुळत नसेल, तर पृष्ठाचा अंक देऊन ग्रंथकर्त्याला दोन ओळी लिहाव्या. अशा पत्रांत स्तुतीचा एक शब्द नसला तरी चालेल. आपला ग्रंथ कोणीतरी लक्षपूर्वक वाचला, हें त्यावरून त्याला कळतें. आणि दुसऱ्या आवृत्तींत कवीचें चरित्र तेवढें अधिक खरें होतें.