पडवी, ओटा आणि बारा महिने

रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कटर आणि माउंटबोर्ड घेऊन बसलेला प्राणी दिसला की तो आर्किटेक्चरचा, हे आता आपल्या वॉचमनकाकांनाही पाठ झालंय. मेकॅनिकलचे मित्र पाणी भरायला जाता-येता विचारतात, "काय रे, आज किती झाडं काढलीस?" त्यांचा समज असा की इमारत उभी करतात सिव्हिलवाले, आणि आम्ही तिच्या शेजारी झाडं, ढग आणि कुत्रं फिरवणारी बाई काढतो. मासिकाच्या संपादकांनी "तुम्ही नक्की करता काय ते एकदा लिहून दे" असा तगादा लावला, म्हणून हा लेख. माझे दोनच प्रोजेक्ट सांगतो. एक पेणचा, घरांचा. दुसरा रोह्याचा, नदीकाठच्या बाजाराचा. दोन्ही गावं रायगडातली, एकाच रेल्वेमार्गावरची.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला हाउसिंग असतं. मला विषय मिळाला तो असा: पेणजवळ हमरापूर भागात गणपती बनवणाऱ्या २४ कुटुंबांसाठी घरं. पेणचे गणपती तुम्हाला सांगायला नकोत. पण पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत जे 'कारखाने' आहेत, त्यांचं नाव ऐकून चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नका. पुष्कळदा हा कारखाना म्हणजे घराची पडवी, ओटी आणि मागचा मांडव. दिवाळीनंतर हळूहळू काम सुरू होतं, परदेशी जाणाऱ्या मूर्ती काही महिने आधीच बोटीने निघतात, आणि आषाढ-श्रावणात तर घरात पाय ठेवायला जागा नसते.

पहिलं डिझाइन बघून मी स्वतःवरच खूश होतो. तीन मजली इमारत, प्रत्येक कुटुंबाला ३० चौरस मीटर कार्पेटचं घर. हा आकडा हवेतला नाही, प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाच्या घराची मर्यादा तीच ठेवली होती. आणि प्लॉटच्या कोपऱ्यात सगळ्यांना मिळून एक मोठी शेड. राहणं इकडे, काम तिकडे. शीट झकास दिसत होतं!

ते घेऊन मी एका कारखानदार काकांकडे गेलो. काका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असताना कुणी बोलत नाही, म्हणून मी अर्धा तास नुसता बसलो, आणि त्या अर्ध्या तासाने माझं डिझाइन मोडलं. काकू कुकर लावून बाहेर आल्या, चार मुकुटांना सोनेरी रंग लावला आणि शिट्टी झाल्यावर परत आत गेल्या. कॉलेजातून आलेली मुलगी सॅक टाकून साच्यातून काढलेले उंदीर साफ करायला बसली. मध्येच सर आली. कुणी कुणाला हाक मारली नाही, पण तिघंजणं उठली आणि दाराशी ठेवलेल्या मूर्तींच्या फळ्या आत ओढल्या.

मग काकांनी शीट पाहिलं. म्हणाले, "शेड लांब आहे रे. रात्री सर आली तर फळ्या कोण ओढणार? आणि ही शेडमध्ये बसली तर शिट्ट्या कोण मोजणार?"

आता थोडी केमिस्ट्री, कारण घराचा आकार शेवटी तिथूनच निघाला. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. ते अर्ध्या-पाऊण तासात साच्यातून सुटतं. मग त्यातला जास्तीचा ओलावा जायला वेळ लागतो, पण मूर्ती उभी राहिलेली असते. शाडूचं तसं नाही. तिथे रासायनिक काही घडतच नाही, फक्त पाणी उडून जायचं असतं. हवेत आधीच दमट वाफ भरलेली असेल तर ते उडणार कुठे? आणि घाई करून उन्हात ठेवली, तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मूर्तीला तडा जातो. म्हणजे शाडूला हवी सावली, आणि हळू पण सतत चालणारा वारा.

हे आत्ताच महत्त्वाचं का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन करायला नाही. मोठ्या मूर्तींसाठी नंतर काही सवलत निघाली. पेणमध्ये या एका मुद्द्यावर घराघरात वाद होतात, त्यात मी पडत नाही. पण शाडूकडे वळायचं ठरलं तर जागेचं काय होतं ते बघा.

इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग शिकलेल्यांना लिटलचा नियम आठवत असेल. रांगेत एका वेळी किती नग, तर रोज येणारे नग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. समजा एक घर रोज २० मूर्ती काढतं. फळीवरचा मुक्काम ३ दिवसांचा असेल तर ६० मूर्तींची जागा पुरते. पावसाळ्यात तोच मुक्काम १२ दिवसांवर गेला तर २४० मूर्तींची जागा लागते. माणसं तेवढीच, कमाई फार तर तेवढीच, जागा चौपट! सरकारने माती फुकट दिली तरी ही जागा कुठून आणायची, हा प्रश्न मला त्या वादात कुणी विचारताना ऐकू आला नाही.

मग मी इमारत टाकून दिली. (दोन नाईट मारून केलेलं मॉडेल मेसमागच्या कचऱ्यात गेलं, रूममेट साक्षीदार आहे.) नवीन नकाशात सहा घरांमध्ये एक अंगण, असे चार घोळके. हे काही मी शोधलेलं नाही. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये छोट्या घरांचे असेच घोळके ८ बाय ८ मीटरच्या अंगणांभोवती मांडले, आणि घरं नंतर वाढवता येतील अशी ठेवली. पेणहून गाडीत बसून जाऊन बघण्यासारखं आहे, जरूर बघा. मी त्यात भर घातली पडवीची: ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, जमिनीलगत. राहायच्या खोल्या मागे आणि वर. स्वयंपाकघराची खिडकी पडवीत उघडते, शिट्ट्यांसाठी.

आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूची भिंत खाली बंद ठेवली, वरच्या पट्ट्यात जाळी आणि तिच्यावर खोल पागोळी. समोरच्या आडोशाच्या बाजूला पडवी पूर्ण उघडी. गरम हवा वर चढून छपराच्या फटीतून निघते आणि खालून नवी आत येते. पंखा लागणार नाही असं मी म्हणत नाही, पण तो रात्रंदिवस लागणार नाही.

ज्युरीत एका सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. "पागोळी एवढी बाहेर काढलीस, निसर्ग विसरलास का?" निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून रोहा-माणगावपर्यंत पत्रे कागदासारखे उडाले होते. खोल पागोळी पावसाला चांगली आणि वादळाला वाईट. वारा तिच्या पोटात शिरतो आणि सगळं छप्पर उचलतो. यावर जुना उपाय आहे. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडायचंच नाही, खालच्या पातळीवर वेगळं टेकवायचं. उडालंच तर पडवीचं उडेल, घर शाबूत राहील. हे मी त्या रात्री शिकलो, ज्युरीत नाही. ज्युरीत मी फक्त "हो सर" म्हणालो.

दुसरे सर म्हणाले, "३० मीटरमध्ये ही पडवी बसवलीस कुठे?" बसवली नव्हती. वरचे १८ चौरस मीटर मी वेगळे दाखवले होते. योजनेच्या हिशेबात झोपायची, रांधायची, न्हाणीची जागा येते. पोट भरायच्या जागेचा रकाना मला तरी त्यात सापडला नाही. मार्क गेले ते तिथे, आणि ते गेल्याचं मला वाईट वाटत नाही.

चौथ्या वर्षाला सार्वजनिक जागा हा विषय आला आणि मी पेणहून त्याच गाडीने पुढे गेलो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. नागोठणं आलं की जुलै १९८९ च्या अंबेच्या पुराची गोष्ट डब्यात कुणीतरी काढतंच. रोहा म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव, दसऱ्यानंतर पोलिसांची मानवंदना घेऊन निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीचं गाव, आणि कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते गाव. मला मात्र काम होतं कुंडलिकेशी.

ही नदी जरा वेगळी आहे. रायगडातल्या बऱ्याच नद्या एप्रिल-मेमध्ये डबक्यांवर येतात, कुंडलिका वाहत असते. कारण तिचं पाणी घाटावरून येतं. मुळशीच्या धरणाचं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात पडतं (सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह तो याच धरणाविरुद्धचा) आणि तिथून कुंडलिकेत येतं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. पावसाळ्यात तीच नदी फुगते, आणि खाली खाडीत भरती असली तर पाणी लवकर ओसरत नाही.

रोह्यात नदीकाठी अलीकडे संवर्धनाचं काम होऊन फिरायला जागा झाली आहे. मी त्याच्या पुढचा, माझ्यापुरता एक तुकडा घेतला: रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या बायकांसाठी काठावर बाजार. पहिलं स्केच सांगायला लाज वाटते. लाकडी डेक, हिरवळ, कॅफे, छत्र्या. एका भाजीवाल्या मावशींना दाखवलं. त्यांनी छत्र्या मोजल्या आणि विचारलं, "हे कधीचं चित्र हाय?"

कधीचं? मी डिसेंबरात साइट व्हिजिट केली होती, दुपारी, स्वच्छ उन्हात. आणि तेव्हा पेणचं कोडंही उलगडलं. तिथेही मी पहिल्यांदा काढलं होतं ते एकाच दिवसाचं घर, ज्यात पाऊस नव्हता आणि श्रावण नव्हता.

मग नकाशा बाजूला ठेवून मी मावशींकडून बारा महिने लिहून घेतले. थंडीत वालाच्या शेंगा, पोपटीवाल्यांची गर्दी. उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा, आणि आगोटीची बेगमी म्हणून सुकट, बोंबील, जवळा. पहिल्या पावसात डोंगरातून कातकरी बायका शेवळं घेऊन येतात, मग टाकळा, भारंगी, कंटोळी. म्हणजे नदी सगळ्यात वर असते तेव्हाही बाजार भरतोच, फक्त बसणारी माणसं बदलतात आणि ती वर सरकतात.

इथे नियम कामाला आले. पूररेषा दोन असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून आपण निवांत होतो, पण ती दरवर्षीची १ टक्का शक्यता आहे. ३० वर्षांचं गृहकर्ज धरलं तर त्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि निळ्या रेषेपर्यंतचा यायची सुमारे ७१ टक्के. कॅल्क्युलेटर काढून बघा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी आहे. दोन रेषांच्या मध्ये बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर उंच. पण निळ्या रेषेच्या आत जे मोजके अपवाद आहेत त्यांत बाग आणि पार्किंगबरोबर चक्क ओट्यांचा उघडा भाजीबाजार आहे! नियमावली वाचून मी हॉस्टेलमध्ये ओरडलो असा हा एकमेव प्रसंग.

डेक, कॅफे गेले. राहिले तीन पायऱ्यांचे काळ्या दगडाचे ओटे. सगळ्यात खालचा पावसाळ्यात नदीचाच, त्यावर काही बांधलेलं नाही. मधला मोठ्या पुरात बुडणारा, वरचा रस्त्यालगत. ओट्यांना नदीकडे उतार आणि कुठेही खोबणी नाही, कारण पूर गेल्यावर पाणी राहत नाही, गाळ राहतो, आणि खोबणीतला गाळ काढायला माणूस लागतो. मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र जेमतेम एका मीटरची आहे. डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बाईला ती उतरवायला दुसरं कुणीतरी लागतं. जिन्याच्या वरच्या टोकाशी मी छातीइतका उंच, सपाट माथ्याचा कठडा दिला. टोपली त्यावर सरकवायची, दम घ्यायचा, परत एकटीने उचलायची. ज्युरीने त्याकडे बघितलंही नाही. मावशींनी शीटवर बोट ठेवून विचारलं, "असे दोन का नाही केलेस? एक उतरताना, एक चढताना." दोन केले.

पेणच्या काकांना गेल्या महिन्यात नवीन नकाशा दाखवून आलो. पडवी पसंत पडली. मग हात पुसून त्यांनी शीट फिरवलं, अंगणाच्या तोंडाशी शाडूने पांढरं झालेलं बोट टेकवलं आणि म्हणाले, "श्रावणात माल न्यायला टेम्पो येतो. तो इथे वळणार कसा?" मी तोंड ३ मीटर ठेवलं होतं. टेम्पो आत येईल, पण वळायला अंगणात जागा नाही. भरलेल्या गणपतींसकट रिव्हर्समध्ये काढावा लागेल. सध्या तेच परत काढतोय. मॉडेल माझ्या कॉटखाली आहे, बघायला कधीही या. फक्त पडवीचं छप्पर हळू उचला, ते चिकटवलेलं नाही.